इंग्रजीतला भूतकाळ: क्रियाविशेषण कुठे बसते, प्रिपोझिशन कोणते लागते – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘मांजराने उंदराला पकडले’ म्हणा की ‘उंदराला मांजराने पकडले’ म्हणा, उंदीरच सापडतो. प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, म्हणून शब्द कुठेही हलला तरी त्याचे काम त्याच्याबरोबर जाते. इंग्रजीत ‘द कॅट कॉट द माउस’ उलटे केले की मांजरच पकडले जाते. तिथे जागा हाच प्रत्यय. क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन (नामाच्या आधी येणारे ‘ॲट’, ‘टू’, ‘इन’ यांसारखे छोटे शब्द) यांच्या बहुतेक चुका या एका फरकातून येतात. शब्द माहीत असतात, पण मराठीतली मोकळीक इंग्रजीतही गृहीत धरली जाते. खालची सगळी उत्तरे भूतकाळाच्या वाक्यांवर आहेत, कारण रोजच्या बोलण्यात ‘काय झाले’ हेच आपण सर्वांत जास्त सांगतो.

क्रियाविशेषण वाक्यात नेमके कुठे ठेवायचे?

तीन जागा आहेत: वाक्याच्या सुरुवातीला, मुख्य क्रियापदाच्या आधी आणि वाक्याच्या शेवटी. ‘सडनली ही ओपन्ड द डोअर’, ‘ही सडनली ओपन्ड द डोअर’, ‘ही ओपन्ड द डोअर सडनली’. तिन्ही बरोबर आहेत, फक्त भर बदलतो.

जागांपेक्षाही बंद असलेली जागा लक्षात ठेवणे जास्त उपयोगी पडते. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये काहीही घालायचे नाही. ‘ही ओपन्ड सडनली द डोअर’ हे चूक. ‘त्याने पत्र हळूहळू वाचले’ या वाक्यात मराठी क्रियाविशेषण कर्म आणि क्रियापद यांच्या मधोमध बसते, आणि तीच सवय ‘ही रेड स्लोली द लेटर’ असे वाक्य घडवते. बरोबर वाक्य: ‘ही रेड द लेटर स्लोली’. कर्म खूप लांबलचक असेल तर मात्र क्रियाविशेषण शेवटी नेल्यावर ते क्रियापदापासून फार दूर पडते. अशा वेळी ते क्रियापदाच्या आधी घ्या: ‘ही स्लोली रेड द लेटर दॅट हिज सिस्टर हॅड सेंट’.

‘व्हेरी’ला मात्र क्रियापदाच्या शेजारी एकट्याने बसता येत नाही. ‘मला फार आवडले’चे ‘आय व्हेरी लाइक्ड इट’ होत नाही. ‘आय लाइक्ड इट व्हेरी मच’ म्हणावे, किंवा ‘आय रिअली लाइक्ड इट’.

‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ कधी क्रियापदाच्या आधी येतात, कधी नंतर. नियम काय?

किती वेळा घडले हे सांगणारे शब्द साध्या क्रियापदाच्या आधी येतात: ‘शी ऑफन केम लेट’. ‘वॉज’ आणि ‘वर’ यांच्या मात्र नंतर येतात: ‘शी वॉज ऑफन लेट’. सहायक क्रियापद असेल तर ते शब्द पहिल्या सहायकाच्या लगेच नंतर येतात: ‘शी हॅड नेव्हर सीन स्नो’, ‘शी हॅड ऑफन बीन वॉर्न्ड’. ‘ऑल्सो’, ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘प्रॉबेब्ली’, ‘ऑलमोस्ट’ यांनाही हीच जागा मानवते.

नकारार्थी वाक्यात ‘प्रॉबेब्ली’ वेगळे वागते. ते ‘डिडन्ट’च्या आधी येते: ‘ही प्रॉबेब्ली डिडन्ट नो’. ‘ऑलवेज’ मात्र ‘डिडन्ट’च्या नंतर येते. ‘ही डिडन्ट ऑलवेज आन्सर’ म्हणजे कधी उत्तर दिले, कधी दिले नाही.

‘ती काल समारंभात सुंदर गायली’ यातले तीन तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे?

मराठीत काळ आधी, मग ठिकाण, मग रीत असा ओघ असतो. इंग्रजीत तो साधारण उलटा होतो: रीत, ठिकाण, काळ. ‘शी सँग ब्युटिफुली ॲट द फंक्शन येस्टरडे’. काळ वाक्याच्या अगदी सुरुवातीलाही चालतो: ‘येस्टरडे शी सँग ब्युटिफुली ॲट द फंक्शन’. ‘शी येस्टरडे सँग’ मात्र बोलताना कानाला खटकते.

जाण्यायेण्याच्या क्रियापदांना हा क्रम तसाच लागत नाही. ‘वेन्ट’, ‘केम’, ‘ड्रोव्ह’ यांना कुठे हे आधी हवे असते, कारण त्याशिवाय क्रियाच अपुरी वाटते: ‘ही वेन्ट टू द स्टेशन क्विकली’. रीत पुढे आणायचीच असेल तर ती क्रियापदाच्या आधी ठेवावी: ‘ही क्विकली वेन्ट टू द स्टेशन’. काळाचे दोन तुकडे असतील तर छोटा आधी, मोठा नंतर: ‘ॲट सिक्स इन द मॉर्निंग ऑन मंडे’. मराठीत आपण ‘सोमवारी सकाळी सहाला’ असे मोठ्याकडून छोट्याकडे येतो.

क्रियापद आणि प्रिपोझिशन यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालता येते का?

इथे विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात, आणि थोडे थांबून समजून घेतले तर सर्वांत जास्त फायदाही इथेच होतो.

‘शी लुक्ड केअरफुली ॲट द मॅप’ हे वाक्य बरोबर आहे. म्हणजे ‘लुक्ड’ आणि ‘ॲट’ यांच्यामध्ये शब्द बसू शकला. पण ‘शी टर्न्ड क्विकली ऑफ द लाइट’ चूक. ‘टर्न्ड’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये तो बसला नाही. दोन्हीकडे क्रियापद आणि एक छोटा शब्द आहे, मग फरक कशाचा?

‘ॲट द मॅप’ हा एक गठ्ठा आहे. ‘ॲट’ने ‘मॅप’चा हात धरला आहे, क्रियापदाचा नाही. म्हणून क्रियापद आणि गठ्ठा यांच्यामध्ये फट आहे आणि तिथे क्रियाविशेषण मावते. ‘टर्न्ड ऑफ’मध्ये ‘ऑफ’ने क्रियापदाचाच हात धरला आहे. दोघे मिळून ‘बंद केला’ हा एक अर्थ बनतो आणि ‘द लाइट’ हे त्या जोडीचे कर्म ठरते. तिथे ‘ऑफ’ हे प्रिपोझिशन नाहीच, ते क्रियाविशेषणाच्या जातीचे आहे. मधे शब्द घातला तर बंद जागेचा नियम मोडतो.

मग छोटा शब्द कोणत्या जातीचा आहे हे ओळखायचे कसे?

कर्माच्या जागी ‘इट’ घाला आणि छोटा शब्द शेवटी नेऊन पाहा. ‘शी टर्न्ड इट ऑफ’ चालते, म्हणजे ही जोडी सुटी होऊ शकते. ‘शी लुक्ड इट ॲट’ चालत नाही, म्हणजे ‘ॲट’ हे प्रिपोझिशन आहे.

याच कसोटीवर एकसारखी दिसणारी दोन वाक्येही वेगळी पडतात. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत चढला. ‘ही रॅन अप द बिल’ म्हणजे त्याने बिल वाढवून ठेवले. ‘ही रॅन द बिल अप’ म्हणता येते, ‘ही रॅन द हिल अप’ म्हणता येत नाही.

सुट्या होणाऱ्या जोड्यांचा एक कडक नियम आहे. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: ‘टर्न्ड ऑफ द लाइट’, ‘टर्न्ड द लाइट ऑफ’. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच आले पाहिजे: ‘पिक्ड इट अप’, ‘थ्र्यू देम आउट’, ‘वोक हर अप’. ‘पिक्ड अप इट’ कधीच नाही. क्रियाविशेषण अशा वाक्यात आधी किंवा शेवटी येते: ‘शी क्विकली टर्न्ड इट ऑफ’, ‘शी टर्न्ड इट ऑफ क्विकली’.

काही क्रियापदांना दोन छोटे शब्द लागतात, पहिला जोडीतला आणि दुसरा खरा प्रिपोझिशन: ‘रॅन आउट ऑफ’ म्हणजे संपले, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन केले. यांचा क्रम हलत नाही आणि सर्वनाम शेवटीच येते: ‘शी पुट अप विथ इट’.

‘डिस्कस्ड अबाउट’ चूक का? मराठीत ‘त्याबद्दल चर्चा केली’ असेच म्हणतो ना?

म्हणतो, कारण मराठीत ‘चर्चा’ हे नाम आहे आणि ‘बद्दल’ त्या नामाला लागते. इंग्रजी नामालाही ते लागते: ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’. पण ‘डिस्कस्ड’ हे क्रियापद थेट कर्म घेते: ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’. हा धागा हाती लागला की अनेक चुका एका झटक्यात सुटतात. ‘ॲन ऑर्डर फॉर टू बुक्स’, पण ‘ऑर्डर्ड टू बुक्स’. ‘अ रिक्वेस्ट फॉर हेल्प’, पण ‘रिक्वेस्टेड हेल्प’. ‘द आन्सर टू द क्वेश्चन’, पण ‘आन्सर्ड द क्वेश्चन’.

लग्नाचेही असेच आहे. ‘शी मॅरीड अ डॉक्टर’, मधे ‘विथ’ नको. विवाहित असण्याची स्थिती सांगायची असेल तर ‘शी वॉज मॅरीड टू अ डॉक्टर’, तिथेही ‘विथ’ नाही.

पोहोचण्याची तीन क्रियापदे तीन तऱ्हांनी वागतात: ‘रीच्ड द स्टेशन’ला काही लागत नाही, ‘गॉट’ला ‘टू’ लागते, आणि ‘अराइव्ड’ला ‘ॲट’ किंवा, शहर वा देश असेल तर, ‘इन’ लागते. ‘अराइव्ड टू’ हे कुठेच बसत नाही. ‘एंटर्ड’ खोलीसाठी एकटे येते: ‘एंटर्ड द रूम’. करारासाठी मात्र ‘एंटर्ड इनटू ॲन ॲग्रीमेंट’.

प्रिपोझिशन राहून जाते ते कुठे?

जिथे मराठीत कर्म थेट येते तिथे. ‘गाणे ऐकले’ म्हणताना आपल्याला काही जोडावे लागत नाही, म्हणून ‘लिसन्ड द साँग’ तोंडून जाते. हवे ‘लिसन्ड टू द साँग’. तसेच ‘वेटेड फॉर मी’, ‘लुक्ड ॲट मी’, ‘एक्स्प्लेन्ड द रूल टू मी’. शेवटच्यावर विशेष लक्ष द्यावे. ‘टोल्ड मी’ चालते, ‘एक्स्प्लेन्ड मी’ चालत नाही. ‘सेड’लाही ‘टू’ लागते: ‘सेड टू मी’.

‘लास्ट मंडे’च्या आधी ‘ऑन’ लावायचे का?

नाही. ‘ऑन मंडे’ बरोबर, पण ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘दॅट’, ‘एव्हरी’ आले की ‘ऑन’, ‘इन’, ‘ॲट’ गळून पडतात: ‘शी लेफ्ट लास्ट मंडे’. ‘येस्टरडे’लाही काही लागत नाही. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ हे ‘वेन्ट’ किंवा ‘केम’नंतर स्वतःच क्रियाविशेषणाचे काम करतात, म्हणून त्यांच्या आधी ‘टू’ नको: ‘ही वेन्ट होम’, ‘शी केम हिअर’. कोणाचे घर हे सांगितले की ते नाम होते आणि ‘टू’ परत येते: ‘ही वेन्ट टू हिज फ्रेंड्स होम’.

बाकी वेळांसाठी: घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना, वर्ष, ऋतूला ‘इन’. ‘इन द मॉर्निंग’, पण ‘ॲट नाइट’. ठरावीक दिवसाची सकाळ असेल तर दिवसाचे राज्य चालते: ‘ऑन मंडे मॉर्निंग’.

‘दोन वर्षांपूर्वी’ला ‘बिफोर टू इयर्स’ का म्हणत नाहीत?

‘पूर्वी’ या एका शब्दाला इंग्रजीत दोन शब्द आहेत. आत्तापासून मागे मोजायचे असेल तर ‘ॲगो’, आणि ते मराठीसारखेच कालावधीच्या मागे बसते: ‘ही लेफ्ट टू इयर्स ॲगो’. एखाद्या घटनेच्या आधी असे म्हणायचे असेल तर ‘बिफोर’ पुढे येते: ‘ही लेफ्ट बिफोर द मीटिंग’. गोष्टच भूतकाळातली असेल आणि तिथून मागे मोजायचे असेल तर ‘हॅड’सह ‘बिफोर’ शेवटी येते: ‘आय मेट हर इन १९९५, ही हॅड लेफ्ट टू इयर्स बिफोर’. म्हणजे तो १९९३ मध्ये गेला.

‘ॲगो’, ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन १९९५’ हे शब्द संपलेला काळ दाखवतात, म्हणून त्यांच्याबरोबर साधा भूतकाळच येतो. ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ चूक, ‘आय सॉ हिम येस्टरडे’ बरोबर. मराठीतला ‘आहे’ (‘मी काल पाहिले आहे’) इथे फसवतो.

‘फॉर’ कालावधी सांगते, ‘सिन्स’ सुरुवातीचा क्षण. ‘ही वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणजे दोन वर्षे केले आणि सोडले. ‘ही हॅज वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणजे अजून करतो आहे. एका ‘हॅज’ने नोकरी जाते किंवा राहते. अर्जात आणि मुलाखतीत हे जपून वापरावे.

‘पर्यंत’साठी ‘टिल’ की ‘बाय’?

क्रिया त्या वेळेपर्यंत चालू राहिली तर ‘टिल’ किंवा ‘अंटिल’: ‘शी वेटेड टिल फाइव्ह’. क्रिया त्या वेळेच्या आत केव्हाही उरकली तर ‘बाय’: ‘शी फिनिश्ड द वर्क बाय फाइव्ह’. मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहा. अर्थ टिकला तर ‘बाय’. अंतरासाठी मात्र ‘टिल’ नाही: ‘वॉक्ड ॲज फार ॲज द ब्रिज’.

‘ने’ या प्रत्ययाला नेहमी ‘बाय’ चालते का?

नाही. वाहन असेल तर ‘बाय’, आणि मधे ‘द’ किंवा ‘माय’ नको: ‘केम बाय बस’. ‘माझ्या गाडीने’ हे ‘इन माय कार’. हातातल्या साधनाला ‘विथ’: ‘कट इट विथ अ नाइफ’. कर्मणी वाक्यात करणाऱ्याला ‘बाय’: ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय अ बॉय विथ अ स्टोन’. या एका वाक्यात दोन्ही ‘ने’ आहेत, मुलाने आणि दगडाने.

‘थ्र्यू टू’ आणि ‘थ्र्यू ॲट’ यात फरक आहे का?

मोठा आहे. ‘ही थ्र्यू द बॉल टू मी’ म्हणजे मी झेलावा म्हणून टाकला. ‘ही थ्र्यू द बॉल ॲट मी’ म्हणजे मला लागावा म्हणून मारला. ‘शाउटेड टू मी’ म्हणजे ऐकू जावे म्हणून मोठ्याने हाक दिली, ‘शाउटेड ॲट मी’ म्हणजे अंगावर ओरडला. ‘ॲट’ नेम धरते, ‘टू’ पोहोचवते.

‘डिड’ असताना क्रियापद मूळ रूपात का येते?

कारण इंग्रजी वाक्यात भूतकाळाची खूण एकदाच आणि पहिल्या क्रियापदावर लागते. ‘डिड’ने ती घेतली की पुढच्याला उरत नाही: ‘ही डिडन्ट गो’, ‘व्हेअर डिड शी गो?’. ‘डिडन्ट वेन्ट’मध्ये खूण दोनदा लागते. ‘टू’नंतरही मूळ रूपच येते: ‘शी वॉन्टेड टू गो’.

खऱ्या प्रिपोझिशननंतर मात्र क्रियापदाचे ‘इंग’ रूप येते: ‘ही इन्सिस्टेड ऑन पेइंग’, ‘शी लेफ्ट विदाउट सेइंग एनीथिंग’. ‘टू’ दोन्ही भूमिका करते म्हणून फसवते. ‘ही यूज्ड टू वॉक’ म्हणजे पूर्वी चालत असे, ‘ही वॉज यूज्ड टू वॉकिंग’ म्हणजे चालण्याची सवय होती. दुसऱ्यात ‘टू’ प्रिपोझिशन आहे. तिथे ‘इट’ घालून पाहा: ‘वॉज यूज्ड टू इट’ जमते.

शब्दाला ‘ली’ जोडले की क्रियाविशेषण तयार, असे मानावे का?

पुष्कळदा हो, पण नेमके रोजचे शब्दच या नियमात बसत नाहीत. ‘फास्टली’ असा शब्द नाही, ‘ही रॅन फास्ट’. ‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे कष्ट केले, ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे जवळजवळ काही केलेच नाही. ‘केम लेट’ म्हणजे उशिरा आला. ‘लेटली’चा अर्थ ‘हल्ली’.

‘लुक्ड’, ‘फेल्ट’, ‘साउंडेड’, ‘टेस्टेड’ ही क्रियापदे कर्ता कसा वाटला हे सांगत असतील तर विशेषण घेतात: ‘शी लुक्ड अँग्री’. पण पुढे प्रिपोझिशन आले आणि पाहण्याची खरी क्रिया झाली की क्रियाविशेषण लागते: ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’. पहिल्यात ती रागावलेली दिसली, दुसऱ्यात तिने त्याच्याकडे रागाने पाहिले.

प्रिपोझिशन वाक्याच्या शेवटी ठेवणे चूक आहे का?

चूक नाही. ‘हू डिड शी गो विथ?’, ‘द चेअर ही सॅट ऑन’ ही रोजची, शुद्ध इंग्रजी आहे. खरी चूक म्हणजे ते विसरणे: ‘द चेअर ही सॅट’.

प्रत्येक क्रियापदाचे प्रिपोझिशन पाठ करायचे का?

करावे लागते, पण सुटे नाही. वहीत ‘वेट म्हणजे वाट पाहणे’ असे लिहू नका. ‘वेटेड फॉर समवन’ असे भूतकाळी रूप आणि प्रिपोझिशनसह लिहा, खाली एक पूर्ण वाक्य लिहा आणि त्यात क्रियाविशेषण घाला: ‘शी वेटेड पेशंटली फॉर द बस’. एका ओळीत तिन्ही गोष्टी पक्क्या होतात. दिवसाला पाच क्रियापदे पुरेत. लिहिलेले तपासताना आधी फक्त पहिली क्रियापदे वाचा आणि भूतकाळाची खूण एकदाच आहे ना पाहा. मग प्रत्येक कर्माच्या डावीकडे क्रियापदच आहे ना पाहा. प्रिपोझिशन सर्वांत शेवटी तपासा, आणि त्यासाठी शब्दकोशातले उदाहरणाचे वाक्य पाहा, नुसता अर्थ नको.

लिहिताना ‘ई-डी’ दिसते, पण ऐकताना भूतकाळ कळतच नाही. का?

‘ई-डी’चे तीन उच्चार आहेत. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तर ‘इड’: ‘वॉन्टिड’, ‘नीडिड’. क, प, फ, स, श, च यांसारखा कठोर ध्वनी असेल तर ‘ट’: ‘वॉक्ट’, ‘स्टॉप्ट’, ‘वॉश्ट’. बाकी सगळीकडे ‘ड’: ‘कॉल्ड’, ‘प्लेड’. लेखनात दिसणारा ‘ई’ पहिल्या गटाशिवाय कुठेच वाजत नाही, त्यामुळे ‘वॉकेड’ असा उच्चार करू नये.

पुढे ‘टू’ आले की आणखी एक गोष्ट घडते. ‘वॉक्ट टू’मधले दोन ‘ट’ एकमेकांत मिसळतात आणि ‘वॉक टू’च ऐकू येते. अशा वेळी कर्त्याकडे लक्ष द्या. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असेल आणि वर्तमानकाळ असता, तर ‘वॉक्स’मधला ‘स’ नक्की ऐकू आला असता. तो आला नाही, म्हणजे भूतकाळ. कर्ता ‘आय’ किंवा ‘दे’ असेल तर हा आधार नसतो, तिथे ‘येस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘ॲगो’ यांसारखा शब्द शोधा. तो बहुधा वाक्याच्या टोकाला असतो, म्हणून शेवटचा शब्द येईपर्यंत अर्थ पक्का करू नका.